डाव्या रांगेतली जागा

गुड फ्रायडेला आंतिग्वा शहरात पावभट्टीपासून न्हाव्यापर्यंत सगळं बंद असतं. ओदिलियाने मात्र त्या सकाळी उपचारकेंद्राचं कुलूप काढलं. चालण्याचा सराव देणारं यंत्र राजधानीहून आलेलं होतं आणि सोमवारी परत जाणार होतं. त्याआधी एवेलिओला एक शेवटची वेळ द्यायचं तिने कबूल केलं होतं.

एवेलिओ सुतार. छपरावरून पडला, कणा दुखावला आणि कमरेखालचं शरीर निमूट झालं. छताला टांगलेल्या पट्ट्यांनी त्याला फिरत्या पट्ट्यावर उभं करायचं, यंत्राचे धातूचे पाय त्याच्या पायांना बांधायचे, मग यंत्र त्याच्या वतीने चालायचं. पडद्यावर दोन रेघा उमटत. निळी यंत्राच्या जोराची, हिरवी माणसाच्या. एवेलिओची हिरवी रेघ आजवर आडवीच होती, दुपारच्या तळ्यासारखी. ती जराशी उठली, तरच राजधानीतले पुढचे उपचार त्याला मिळणार होते.

"सेन्यो, बाई, आज तरी उठवा तिला," तो म्हणाला. "नाहीतर तुमचं हे लोखंडी माकड जाईल आणि मी आईच्या खिडकीतली कुंडी होईन."

"तोंडात आहे तेवढा जोर पायांत आण," पट्टे आवळत ती म्हणाली.

दूरवर बँडची शोकधून सुरू झाली. मिरवणुकीत माणसांच्या खांद्यांवरून जाणारा ख्रिस्तमूर्तीचा अजस्र डोलारा आता देवळाबाहेर पडला असणार. त्याचे खांदेकरी खांद्याच्या उंचीप्रमाणे दोन रांगांत लावतात. डाव्या रांगेतली एवेलिओची जागा यंदा त्याच्या भावाने, आन्सेल्मोने, कुणालाच दिली नव्हती.

"रिकामी ठेवली म्हणे, माझ्या मानाखातर," एवेलिओ म्हणाला. "गाढव! तिथलं ओझं शेजाऱ्याच्या मानेवर येतं. आणि शेजारी तोच."

यंत्र चालू लागलं. रोजची त्याची चाल पट्टीने आखल्यासारखी सरळ असे. आज तिच्यात एक हेलकावा होता. पाऊल पुढे पडे, क्षणभर थबके आणि सगळा देह डावीकडे झुके, मग उजवीकडे. ओदिलिया वाकून पाहू लागली. बाजूला झुकण्याची सोयच त्या सांध्यांत नव्हती. तिने यंत्र थांबवलं, खिळ्या तपासल्या, पुन्हा सुरू केलं. हेलकावा तसाच होता, बँडच्या ढोलावर पडणारा.

मग हिरवी रेघ उठली.

बोलल्याने पाखरू उडावं, तशी ती रेघ विझेल असं तिला वाटलं.

पाठोपाठ पडद्यावरचा, पट्ट्यांनी पेललेल्या वजनाचा आकडाही चढू लागला. एवेलिओचं वजन मागे पडलं, तरी तो चढतच राहिला. एवेलिओचा डावा खांदा खाली दबत गेला. तिथे एकही पट्टा नव्हता. खिडक्या बंद होत्या, तरी खोलीत धुपाचा आणि मिरवणुकीच्या वाटेवर अंथरतात त्या ओल्या रंगीत भुशाचा वास दाटला होता.

"खांदा दुखतोय?"

"दुखत नाहीये, सेन्यो. भरलाय."

यंत्राने धोक्याची शीळ घातली. ओदिलियाचं बोट लाल कळीवर गेलं.

"थांबवू नका! आत्ता सोडलं तर आन्सेल्मोची मान मोडेल."

बोट तिथेच राहिलं. तिने कळ दाबली नाही.

बाहेर धून थांबली. खांदेपालट; आता दुसरे खांदेकरी.

आकडा झरझर उतरला आणि एवेलिओच्या नेहमीच्या वजनाच्याही थोडा खाली जाऊन थांबला. हिरवी रेघ पुन्हा तळं झाली.

तिने त्याला चाकांच्या खुर्चीत उतरवलं. तेवढ्यात जांभळ्या झग्यातला, घामाने निथळणारा आन्सेल्मो दारात आला.

"काय रे, बदली माणूस पाठवलास आणि सांगितलं नाहीस? पण खांदा काय दिला त्याने! उंची अगदी तुझी. वाचलो मी."

"कोण होता?" ओदिलियाने विचारलं.

"धुरात चेहरा कुठे दिसतो, सेन्यो? पाळी संपल्यावर म्हटलं, चल, घोटभर काही घे. तर नको म्हणाला. पाय परत करायला जायचंय म्हणाला." तो हसला. "दमलेला माणूस, काहीही बोलतो. इकडेच वळला होता. आला नाही अजून?"

एवेलिओ हसला नाही.

बाहेरच्या फरशीवर पावलं वाजली. एक पाऊल, थबक, हेलकावा. ती पावलं दारापर्यंत आली. आन्सेल्मो मागे वळला. व्हरांडा रिकामा होता.

ओदिलियाने खाली पाहिलं. खुर्चीच्या पायटेकणीवर एवेलिओचे निमूट पाय जोडून ठेवलेले होते. आता ते अलगद एका बाजूला सरकले, आत आलेल्या कुणाला तरी जागा करून द्यावी तसे.