कापलेली लाट

“हे त्यांचं नाही,” वसुंधराताईंनी कार्डांचं पाकीट टेबलावर ठेवलं. “कुणीतरी बदललंय. आणि उद्या माझं विमान आहे. कायमची निघालेय मी.”

अल हैलच्या त्या फ्लॅटमध्ये कार्गोची खोकी रचलेली होती. अंबरीन परकार मस्कतमध्ये खासगी तपासाची कामं घ्यायची. साई तिचा सहकारी.

त्यानं पाकीट उलटसुलट केलं. आत चामडं, बाहेर जपानी किनखाप, निळ्यावर सोनेरी लाटा. “छान आहे की! नवंकोरं.”

“तेच तर! माझे मिस्टर दयानंद सूर बंदरात बोटींच्या कामावर होते, तेव्हा एका जपानी इंजिनिअरनं दिलेलं. अकरा वर्षं त्यांच्या खिशात होतं. ते वारल्यावर त्यांचं रेसिडेंट कार्ड कंपनीला परत केलं, पण चामड्यात त्याचा ठसा राहिला. रोज सकाळी मी त्यावर बोट फिरवते. कालपर्यंत तेच होतं. त्यावर कोपऱ्यातली लाट पूर्ण होती. ही अर्धी कापलीये.”

अंबरीननं आत अंगठा फिरवला. “ठसा इथंही आहे. पण वरच्या कडेला मधोमध लांबट उंचवटा लागतोय.”

“आमचा सपाट होता.”

शेजारच्या नूरबानूंकडे घराची चावी असायची. “मी कशाला घेऊ? भाईंची शेवटची वस्तू ती!” त्या उखडल्या. अंबरीननं मागितल्यावर त्यांनी पर्समधून आपलं रेसिडेंट कार्ड काढून दिलं. गुळगुळीत, सलग.

पॅकिंगवाला नुमान म्हणाला, “काल दुपारी पहिल्यांदा आलो, मॅडम. आज काम खलास.” त्याच्या गळ्यातलं कार्डही सलग होतं. पट्टी अडकवायची खाच होती ती वरच्या प्लास्टिकच्या कव्हरला.

मुलगी ज्ञानदा कॉलेजातून आली. डिग्रीसाठी ती इथंच, हॉस्टेलवर राहणार होती. “एका पाकिटासाठी डिटेक्टिव्ह? सीरियसली, मम्मा?” तिनं गळ्यातली पट्टी काढून कॉलेजचं कार्ड सोफ्यावर टाकलं. पट्टी थेट कार्डाच्याच खाचेत ओवलेली होती.

“नुमानच,” साई कुजबुजला.

“अरे, असं पाकीट जपानहून यायला आठवडे लागतात. नुमान काल आला,” अंबरीन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “आणि ज्याच्याकडे नवं होतं, त्यानं ते ठेवून जुनं नेलं. म्हणजे त्याला पाकीट नको होतं, दयानंद हवे होते. किनखापाच्या लांब ताग्यातून तुकडे कापतात, त्यामुळे लाट प्रत्येक पाकिटावर वेगळ्या जागी येते. हे त्याला माहीत नव्हतं. ठसा मात्र माहीत होता. म्हणून त्यानं चामडं ओलं केलं, आपलं कार्ड आत घातलं, वर वजन ठेवलं. कार्डाला जिथं खाच, तिथं चामडं दबलं नाही.”

नूरबानूंची नजर सोफ्याकडे गेली.

ज्ञानदानं सॅकमधून झिजलेलं पाकीट काढलं.

“मागायचं होतंस गं,” वसुंधराताई म्हणाल्या.

“मागितलं असतं तर तू दिलं असतंस. मग तुझ्याकडे काय राहिलं असतं?”

वसुंधराताईंनी जुनं पाकीट घेतलं, क्षणभर छातीशी धरलं आणि परत लेकीच्या हातात ठेवून तिची बोटं मिटली.

“मला तुझे बाबा बावीस वर्षं मिळाले,” त्या म्हणाल्या. “तुला सतराच.”