दुसरा शॉकअप

गडब गावच्या स्पीडब्रेकरवर आमची जुनी गाडी मागून अशी उसळली, की रोह्याला निघालेल्या बाप्पांपैकी एकाच्या करंगळीचं टोकच उडालं. मी जीभ चावली, बाप्पाची माफी मागितली आणि समोर दिसलं त्या गॅरेजात गाडी वळवली.

तिथे तो होता… नितेश. पावसात भिजलेले केस, हात तेलाने काळे. काही न विचारता तो गाडीच्या मागे गेला, दोन्ही तळव्यांनी डिकी दाबली आणि सोडून दिली. गाडी आपली वर-खाली, वर-खाली… थांबायलाच तयार नाही.

“मागचे शॉकअप गेलेत, मॅडम. चांगली गाडी एकदा वर येऊन गप बसते. ही बघा, नाचतेय.”

“बाप्पा आत आहेत ना, म्हणून नाचत असेल.”

तो हसला. पेणला आमच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मी करते. आजवर किती डोळे काढले असतील, पण हसताना असे मिटत जाणारे डोळे मी पहिल्यांदाच बघत होते.

जॅक लावून त्याने उजवा शॉकअप बदलला. जुना काढून दाखवला, तर अंगभर तेल गळालेलं. मग डाव्यापाशी तो थबकला.

“हे जोडीनंच बदलायचे असतात… पन आज एकच हाय. दुसरा पनवेलवरून मागवतो. तवर सावकाश चालवा, मूर्तींखाली पेंढा जास्त घाला. परवा येऊन बघा.”

आणि माझी नजर चुकवून तो हात पुसायला गेला. मागे फळीवर लांबट खोकं उघडंच होतं आणि आत दुसरा नवाकोरा शॉकअप आरामात पडला होता!

खरं तर मी भांडायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, “बरं… परवा येते.”

मग काय, रोह्याच्या प्रत्येक खेपेला गाडी आपोआप तिकडे वळू लागली.

“आला का?”

“नाय अजून.”

“पनवेल फार लांब आहे का हो?”

“पावसात लांबच पडतं.”

तो गाडी दाबून बघायचा, उगाच नट आवळायचा, मला कोरा चहा द्यायचा. ‘मॅडम’ची मनाली झाली, ‘तुमी’चं ‘तू’ झालं. डोळे आखताना श्वास धरून ठेवावा लागतो, पण माझा श्वास गडबलाच राहिलेला. एक दिवस कारखान्यात माझे वडील, अण्णा, ओरडले, “मनाली, सगळे बाप्पा एकाच बाजूला काय बघतायत गो?”

गणपती अगदी तोंडावर आले. शेवटची खेप घेऊन मी गॅरेजात शिरले आणि मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, “आला.”

मी पटकन बोलून गेले, “एवढ्यात?”

“सोमवारी मस्कतला चाललोय, मनाली. मोठ्या वर्कशॉपात काम मिळालंय, दोन वर्षांसाठी. तुझी गाडी अर्धवट ठेवून जायला मन होईना.”

तो गाडीखाली गेला. पान्याची प्रत्येक करकर मला नकोशी वाटत होती. बाहेर येऊन म्हणाला, “आता तू दाब.”

मी डिकी दाबली. गाडी खाली गेली, वर आली आणि गप्प बसली.

“झालं. आता यायचं काय कारण नाय.”

“नितेश… पहिल्या दिवशी दोन्ही इथेच होते. मी बघितलं होतं.”

तो कानापर्यंत लाल झाला. “मंग बोलली का नाय?”

“तू दुसरा का बदलला नाहीस?”

“तू परत यावीस म्हनून.”

“आणि मला परत यायचं होतं म्हणून मी बोलले नाही. मला तू आवडतोस रे… फार.”

त्याचा हात माझ्या गालापाशी आला आणि मध्येच थांबला. “काळा हाय गो…”

मी तो हात धरून गालावर टेकवला.

“थांबशील?” त्याने हळूच विचारलं.

“थांबेन. आणि या गाडीलाही दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.”

पुढच्या स्पीडब्रेकरवर गाडी एकदाच वर आली आणि गप्प बसली. आरशात तो पावसात उभा होता, वळण येईपर्यंत.

रोह्याला आमच्या दरवर्षीच्या गिऱ्हाईक पद्मजाकाकूंच्या ओसरीवर मूर्ती उतरवली. काकू खूश. “यंदा बाप्पा किती अलगद आले गो!” मग माझ्याकडे बघून थांबल्या. “आणि गालाला काय लागलंय?”

“तेल,” मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.