झाकलेली खाच

शाळा सुटल्यावर ती संगीतवर्गात गेली ती कोरी कॅसेट शोधायला. स्पर्धेचं गाणं भरून उद्या सरांना द्यायचं होतं. अट एकच: शब्द आणि चाल स्वतःची हवी.

तिचं घोडं तिथंच अडलं होतं. काही सुचलं की ती दादाला ऐकवायची. "ही चाल कुठं ऐकल्यासारखी वाटते का रे?"

"रेडिओवर, रोज. फक्त ती बाई बरं गाते," दादा म्हणायचा. की झाली वही बंद.

कपाटात कोरी कॅसेट नव्हती. तळाशी एक सापडली, तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'माझी पहिली चाल. पुसू नये.' तिनं ती लावली. एक मुलगी हळू आवाजात गात होती. असंच तर सुचायला हवं होतं आपल्याला!

"मावशी, ही कोण हो?"

शिपाईमावशींचा झाडू थांबला. "होती एक. तुझ्यासारखीच, तोंडातल्या तोंडात बोलणारी. तापानं गेली. तेवढंच उरलंय बघ तिचं."

कुणी चुकून पुसू नये म्हणून कॅसेटच्या कडेची टिकली मोडून ठेवली होती. पण तिथं पडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली की वरून दुसरं भरता येतं, हे तिला ठाऊक होतं. मावशी गेल्यावर तिनं पट्टी लावली आणि तेच गाणं आपल्या आवाजात भरलं. आता कुणाला कळणार होतं?

पहिला नंबर आला.

त्या संध्याकाळी आईनं कौतुकानं तिच्या बोबड्या बोलांची जुनी कॅसेट लावली. दादाचा आवाज आला. तिच्या आवाजाच्या जागी नुसती खरखर. दुसऱ्या दिवसापासून आई सारखी म्हणू लागली, "काय म्हणालीस? मोठ्यानं बोल ना गं." चौथ्या दिवशी ती जीव तोडून ओरडली, तरी आईनं मान वर केली नाही.

ती धावत शाळेच्या संगीतवर्गात गेली. बाहेर लख्ख ऊन होतं, आत मात्र औषधाचा वास कोंडला होता. सरांनी कपाटात ठेवलेली ती कॅसेट तिनं काढली, खाचेवरची पट्टी ओरबाडली आणि कॅसेट सुरू केली. ती मुलगी गात होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वच्छ. मग एक लांब श्वास... आणि तिला स्वतःचाच, हुबेहूब स्वतःचाच आवाज ऐकू आला, "माझं मला मिळालं... आता तुझं."

घराचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून तिचा स्वतःचा आवाज येत होता. गात होता.

"किती गोड गं!" आई म्हणाली. "ही तुझीच चाल?"

"माझीच, आई. अगदी पहिली."

उंबऱ्यात उभं राहून तिनं सगळा जीव एकवटून हाक मारली.

"अरे, तो रेडिओ बंद कर बघू," आई आतून दादाला म्हणाली. "दाराशी नुसता खरखरतोय."