दुसरं बक्षीस

"पाचव्या प्रश्नात गडबड आहे."

मी दचकून मागे पाहिलं. वाचनालयाच्या पायरीवर, पत्र्याच्या आडोशाला उभी राहून मी भिजलेले कागद ओढणीने टिपत होते आणि एक उंच, ओलाचिंब माणूस माझ्या खांद्यावरून ते खुशाल वाचत होता.

"तुम्ही स्पर्धेचे प्रश्न वाचताय!"

"वाचले नाहीत... दिसले." तो ओशाळला, पण डोळे हसतच होते. "त्या सिनेमात नायिका टांग्यातून जात नाही, बैलगाडीतून जाते. टांगा फक्त पोस्टरवर आहे."

मी मोबाइलवर शोधून पाहिलं. मेल्याचं खरं होतं! मग रागारागाने मी सगळेच प्रश्न बदलले. शेखरची नि माझी ओळख झाली ती अशी.

आमच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सिनेमाची प्रश्नमंजूषा असते. मी तिथे नोकरीला, त्यामुळे प्रश्न माझेच. पहिलं बक्षीस तांबट आळीतल्या एका दुकानदाराने दिलेला तांब्याचा हंडा. दुसरं, रविवारच्या दुपारच्या खेळाची बाल्कनीची दोन तिकिटं. तिसरं पेन, ते कुणी घरी नेत नाही. सगळ्यांचा डोळा हंड्यावर. एसटीतून निवृत्त झालेल्या कारभारीकाकांच्या घरी तर हंड्यांची उतरंड झाली होती.

त्या संध्याकाळी शेखरने सगळ्यांची तोंडं बंद केली. कृष्णधवल सिनेमांचे छायालेखक, तमाशापटातला ढोलकीवाला, गेल्या वर्षीचे गाजलेले सिनेमे... विचाराल ते हजर. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सोपा ठेवला होता. अख्ख्या नाशिकच्या पोरांनी ज्याच्यासारखे केस कापून घेतले, तो नट कोण? शेखरने बराच वेळ विचार केला आणि भलतंच नाव सांगितलं. हंडा काकांना, तिकिटं त्याला. पुढच्या महिन्यातही तसंच. त्याच्या पुढच्याही.

"मुद्दाम चुकता ना?" मी त्याला पायरीवर गाठलं.

"मी? छे! शेवटी घाबरायला होतं मला."

"घाबरलेला माणूस असा हसत नाही."

"मग कसा हसतो?... दाखवा ना."

मी काही दाखवलं नाही. घरी जाऊन आरशात मात्र दोनदा हसून पाहिलं.

पण तिकिटं दोन, म्हणजे माणसं दोन. दुसरं कोण? मला काय त्याचं, असं मनाला कितीही बजावलं तरी मन ऐकेना. शेवटी त्या रविवारी मी स्वतःच्या पैशाने तिकीट काढलं आणि त्याच्या दोन रांगा मागे जाऊन बसले.

त्याच्या शेजारी त्याची आई होती. काळा चष्मा, हात त्याच्या दंडावर. अंधार झाल्यापासून तो तिच्या कानाशी बोलत होता. "आता ती खिडकीशी आलीय... निळी साडी... अजून रडत नाहीये, पण रडेल." मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं. त्याने आवाज आणखी खाली नेला, पण थांबला नाही. पडद्यावर काय चाललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. माझा जीव त्याच्यावर जडला तो तिथेच.

मध्यंतरात पकडली गेले.

"कोण हाय रे?" आईने विचारलं.

"प्रश्न काढणारी, आई. सायली."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. "अगं, जरा सोपं काढत जा की! पोरगं लय हुशार हाय माझं, पण शेवटाला माती खातं. एकदा तरी हंडा आण म्हणते मी, तर हा आपला तिकिटंच घेऊन येतो!"

शेखरने त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी पटकन म्हणाले, "काढते हं सोपं."

चहा घेताना तो हळूच म्हणाला, "विकतच्या तिकिटावर ती येत नाही. 'मला आंधळीला कशाला सिनेमा' म्हणते. बक्षिसाचं वाया घालवू नये, म्हणून येते."

"आणि तू चुकला नाहीस तर?"

"तर घरात बसून राहील."

तेव्हापासून मीही त्याच्या लबाडीत सामील झाले. शेवटचा प्रश्न काकांना हमखास येईल असाच काढू लागले. तिसरं तिकीट माझं मी काढायचे. फोन नंबर त्याने दिला नाही, मी मागितला नाही. महिन्यातला एक शनिवार नि एक रविवार, एवढंच आमचं. "आईचं सगळं मलाच बघावं लागतं," तो एकदा म्हणाला, आणि माझ्या ओठांवर आलेलं मी गिळून टाकलं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी तो आला नाही. त्या दिवशी माझं कशातच लक्ष नव्हतं. पुढच्या महिन्यात आला. अवकाळी पाऊस, वर बोचरी थंडी, आणि त्याने कानापर्यंत लोकरीची टोपी ओढलेली. मला इतका आनंद झाला की टोपीला मी मनातल्या मनात हसूनही घेतलं.

शेवटचा प्रश्न मी विचारला. त्याने क्षणभरही न थांबता उत्तर दिलं.

बरोबर उत्तर.

टाळ्या पडल्या. मी मात्र दुसऱ्या बक्षिसाच्या तिकिटांकडे पाहिलं. हंडा घ्यायला तो पुढे आला, टोपी काढली, तर डोक्यावर केस नव्हते. नुकते उगवत होते.

"कधी?" पायरीवर मी एवढंच विचारू शकले.

"भाऊबीजेनंतर. झोपेतच."

"मला कळवलं का नाहीस?"

"कोण म्हणून कळवायचं होतं?" तो हंड्याकडे बघत राहिला. "तिचं एवढंच मागणं होतं... आणला. आता मी नाही येणार, सायली. सिनेमाच नको वाटतो."

एवढं बोलून तो निघाला. मी काही न विचारता त्याच्यामागोमाग देवळाली कॅम्पच्या बसमध्ये चढले. हंडा आमच्या दोघांच्या मध्ये. कॅम्प येईपर्यंत मी त्याच्या काठावरून बोट फिरवत राहिले.

त्याच्या दाराला कुलूप होतं. तो किल्ली काढत असतानाच शेजारच्या बयाबाई ओट्यावरून ओरडल्या, "आरं, नवा हंडा रिकामा नको नेऊ घरात! पाणी भर आधी. आन ही पोरगी कोण?"

"ही सायली... वाचनालयातली... म्हणजे..." तो किल्लीशी चाळा करू लागला.

मी त्याच्या हातातून हंडा घेतला आणि अंगणातल्या नळाखाली धरला. आत्ता गप्प राहिले तर हे दार मला कायमचं बंद होणार होतं.

"या घरची होणारी सून, मावशी," मी म्हणाले. "यांना अजून विचारलेलं नाही."

शेखरच्या हातातली किल्ली तशीच राहिली. बयाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंग वर्साच्या आत उरका बाई. आईबाप गेल्यावर तशीच रीत हाय. नाय तर तीन वर्सं थांबावं लागतं."

हंडा भरून वाहू लागला. मी नळ बंद केला आणि उचलायला गेले, पण तो जागचा हलेना. शेखर माझ्याजवळ येऊन वाकला. त्याचे डोळे भरले होते. त्याने दुसऱ्या बाजूने काठ धरला.

"तीन वर्षं नको," तो म्हणाला.