मुद्दाम चुकवलेलं चिन्ह

जिन्यात आम्ही एकमेकांवर आदळलो, आणि माझ्या हातातले खडू पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेले. त्याने वाकून ते गोळा केले.

"इंटिग्रेशन शिकवतात त्या मॅडम... कुठे भेटतील?"

"त्यांचेच खडू आहेत ते."

तो लाजला. नोकरीत बढतीसाठी खात्याची परीक्षा द्यायचीय, म्हणाला. संध्याकाळची बॅच सुटली की एकटाच येऊन बसू लागला. डोळे असे, की फळ्याकडे वळावंसं वाटू नये. पण मला लवकरच संशय आला.

त्याच्या चुका फारच शहाण्या होत्या. एक्स आणि लॉगचा गुणाकार आला, की बाय पार्ट्समध्ये आधी काय घ्यायचं ते अचूक ओळखायचा आणि शेवटच्या साध्या बेरजेत घसरायचा. माझ्या क्लासची मुलं चुकली की वहीत बघतात. हा चुकला की माझ्याकडे बघायचा... त्यात समोरच्या इमारतीतल्या नव्या क्लासने माझी निम्मी बॅच पळवलेली.

"गुणी दिसतो गं," रोज त्याला दार उघडणारी आई म्हणाली.

"दिसतो ना? तेच खटकतंय."

एका संध्याकाळी मी मुद्दाम ई-रेज-टू-एक्स गुणिले साइन एक्स घेतलं. दोनदा बाय पार्ट्स केलं, की मूळ इंटिग्रल उजवीकडे वजा होऊन परत येतं. मी तिथे अधिकचं चिन्ह लिहिलं.

"समजलं?"

"हो..." त्याचं पेन बोटांत गरगरायला लागलं.

"मग उतरवून घ्या की."

"मॅडम, तिथे — वजा! नाहीतर दोन्हीकडचं कटेल, हाती काहीच उरणार नाही..."

बोलला आणि जीभ चावली.

"कुठे शिकवता?" मी विचारलं.

त्याने खिडकीबाहेर, समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. "दादाचा क्लास आहे. तुम्ही कसं शिकवता ते बघून ये म्हणाला. पहिल्या दिवशी तेवढ्यासाठीच आलो."

"आणि नंतर?"

"नंतर... तुमच्यासाठी. त्याला एक अक्षर सांगितलं नाही. शपथ!"

"शपथ नको. दादाचा नंबर सांगा."

त्याचा चेहरा पडला. पण नंबर सांगितला. मी फोन स्पीकरवर टाकला.

"समोरच्या क्लासमधून बोलतेय. तुमच्या भावाने माझ्याबद्दल काय काय सांगितलं?"

पलीकडून सुस्कारा आला. "कसं शिकवतात विचारलं, तर म्हणतो, हसल्या की डावा डोळा बारीक होतो. दुसरं काही तोंडातून निघेल तर शपथ! बाई, तो आमच्या कामातून गेला. तुम्हीच ठेवून घ्या."

मी फोन ठेवला. कानापर्यंत लाल झालेला तो मान खाली घालून पुस्तकं आवरत होता.

"कुठे निघालात?"

"जातो, मॅडम..."

"बसा," मी म्हटलं. "आणि ते मॅडम म्हणणं आधी बंद करा."