वहीतलं वजन

“आकडा ऐकायचा, मोठ्यानं परत म्हणायचा, मगच लिहायचा.” जुन्या विभागप्रमुखांची ही सूचना काकूंच्या कानात तीस वर्षं घर करून होती. प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागल्या, त्या पहिल्याच दिवशी मिळालेली.

सोमवारी सकाळी वहिनी धावतच तराजूच्या खोलीत आली.

“काकू, माझा पदार्थ गेला!”

बाटली तिच्या मुठीतच होती. आत पांढरे, चकचकीत स्फटिक.

“हा काय, आहे की.”

“हा माझा नाही. माझा एकशेबासष्ट अंशांना वितळतो. हा एकशेबावीसलाच पाणी झाला. तीनदा पाहिलं.”

काकूंनी लगेच ओळखलं. एकशेबावीस म्हणजे बेंझोइक अ‍ॅसिड. फळीवरच्या बरणीत किलोभर असतं.

वहिनी म्हणजे एम.एस्सी.च्या वर्गातली सगळ्यात थोरली. अडतीस वर्षांची. अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला बारा वर्षांनी परत आलेली. मुदत यंदाच संपत होती. दुपारी तीनला बाहेरचे परीक्षक नमुना तपासणार. नमुना नाही तर पदवी नाही, आणि पुन्हा संधीही नाही.

“सर म्हणाले, काही जमलं नाही म्हणून तूच भरलं असशील. घरी काय तोंड दाखवू, काकू?”

“आधी डोळे पूस. बाटली आण इकडे.”

शुक्रवारचे दुपारचे चार काकूंना लख्ख आठवत होते. वहिनीला सासूबाई पडल्याचा फोन आला होता. काकूंनी तराजू वाचून “दोन पॉइंट त्रेचाळीस” म्हटलं, आपल्या रजिस्टरात लिहिलं, आणि वहिनीनं फोन कानाला लावूनच आकडा वहीत उतरवला. शेजारच्या टेबलावरची चिमणी, सारखी चिवचिवते म्हणून हे नाव पडलेली वर्गमैत्रीण, तराजूत डोकावत होती. वहिनीनं बाटली काचेच्या भांड्यात ठेवली, वही पीएच.डी. करणाऱ्या ‘डॉक्टर’च्या हाती दिली, “सरांच्या टेबलावर ठेवा” म्हणाली. काकूंनी स्वतः तिला फाटकापर्यंत पोचवलं. सहाला कुलूप घालणाऱ्या त्याच, आज उघडणाऱ्याही त्याच. मधले दोन तास आत चिमणी आणि डॉक्टर, दोघंच.

काकूंनी स्फटिक तोलले. तराजूवर आकडा उमटला: २.३४.

“वजन तरी बरोबर आहे,” वहिनी हताशपणे म्हणाली आणि वही उघडून दाखवली. २.३४.

काकूंनी आपलं रजिस्टर पाहिलं, मिटलं.

चिमणीला बोलावलं, तर ती आल्याआल्या चिवचिवली. “मी? काकू, मला माझाच पदार्थ सांभाळता येत नाही, दुसऱ्याचा कशाला ढापू?”

“शुक्रवारी वजन किती होतं गं?”

“दोन पॉइंट त्रेचाळीस. जळफळाट झाला होता माझा, विसरेन कशी?”

मग डॉक्टर. पीएच.डी.ला पाच वर्षं झाली तरी डॉक्टर होईना, म्हणून सगळ्यांनी आधीच ही पदवी दिलेली.

“वही कुठे ठेवलीस?”

“सरांच्या टेबलावर. शुक्रवारीच.”

“उघडली होतीस?”

“मी कशाला उघडू?”

“सर शुक्रवारी परगावी होते. खोलीला कुलूप. किल्ली माझ्याकडे.”

डॉक्टर घुटमळला. “म्हणजे... आज सकाळी ठेवली.”

“मग तीन दिवस तुझ्याकडेच होती.”

दुपारी दोनला काकूंनी तिघांना तराजूपाशी उभं केलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

“बाटलीत होतं त्रेचाळीस. माझ्या रजिस्टरात तेच, चिमणीनं डोळ्यांनी पाहिलं तेच. पण वहिनीचं चित्त फोनमध्ये. ‘त्रे’ ऐकलं, आधी तीन लिहिला, मग चाळीसचा चार. त्रेचाळीसचे झाले चौतीस. पहिलीतल्या पोराची चूक. मीही तिच्याकडून परत म्हणवून घेतलं नाही, तेवढा दोष माझा.”

वहिनी वहीकडे बघतच राहिली.

“आता बाटलीत किती? चौतीस. नेमकं चुकीच्या आकड्याइतकं! चिमणीनं भरलं असतं तर त्रेचाळीस भरलं असतं. वहिनी चारलाच गेली होती. उरला तो, ज्यानं तराजू पाहिला नाही, फक्त वही पाहिली.”

चिमणी डॉक्टरकडे वळली.

डॉक्टरनं आपला खण उघडला, मागे हात घालून एक बाटली काढली. काकूंनी आतला पदार्थ तोलला. २.४३.

“माझ्या संशोधनाच्या शेवटच्या पायरीला हाच पदार्थ लागतो,” तो म्हणाला. “अकरा वेळा केला. दर वेळी काळा चिखल. पुढच्या महिन्यात माझी नोंदणी रद्द होतेय. वाटलं, वहिनींना काय, पदवी नुसती भिंतीला टांगायची.”

“भिंतीला?” वहिनीचा आवाज फाटला. “सासूबाई कंबर मोडून पडल्यात, तरी सकाळी म्हणाल्या, माझं बघू नकोस, तू जा. ती भिंतीसाठी?”

त्यानं मान खाली घातली. “वापरायचा धीर झाला नाही. परत ठेवायचाही झाला नाही.”

काकूंनी बाटली वहिनीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली. “जा, वितळवून बघ. थोडंच घे.” मग त्याच्याकडे वळल्या. “सर हिला लबाड समजतात.”

“मी सांगतो. परीक्षक यायच्या आत. वचन देतो, काकू. तुम्ही नका येऊ बरोबर.”

“नाही येत.”

आतून वहिनीची हाक आली, “एकशेबासष्ट!” आणि पाठोपाठ हुंदका.

डॉक्टरनं ते ऐकलं. अ‍ॅप्रन काढला, नीट घडी करून स्टुलावर ठेवला. बाहेर डावीकडे फाटकाकडे उतरणारा जिना होता. तो क्षणभर थांबला आणि उजवीकडे, सरांच्या खोलीकडे चालू लागला.