अर्ध्या मिनिटाची शांतता

“ओ मॅडम, अर्धं मिनिट गप्प बसता येईल का?”

सुहास माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. लोक पहिल्या भेटीत नाव विचारतात, हसतात, चहा पाजतात… आमच्या नशिबी हे!

आषाढ निम्मा सरला होता. आडवार असल्यामुळे भुशीला गर्दी नव्हती. धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी आपलं एकटंच खिदळत उतरत होतं, आणि मी टपरीच्या ताडपत्रीखाली भाजलेलं कणीस खात बसले होते. ओठांवर लिंबू-तिखट चरचरत होतं, ओढणीतून पाणी ठिबकत होतं. समोर एक उंच, सडपातळ मुलगा पोटऱ्यांपर्यंत पाण्यात माईक धरून उभा होता. कानावर हेडफोन आणि तो भिजू नये म्हणून त्याच्यावर चक्क दुधाची रिकामी पिशवी.

“मी कुठं बोलतेय?” मी फणकारले.

“बोलत नाही. गुणगुणताय.”

“मी? छे!”

तो पाण्यातून वर आला आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. पाण्याच्या खळखळाटात खरंच एक बाई गुणगुणत होती… आणि ती मीच होते.

“सॉरी,” मी म्हटलं. “पण एवढं काय बिघडलं गाण्यानं?”

“गाणं चांगलंय,” तो म्हणाला. “पाणी बिघडलं.”

आणि पाठ फिरवून पुन्हा पाण्यात. शिष्ट मेला! राहिलेलं कणीस मी रागारागात संपवलं. पण ‘गाणं चांगलंय’ हे मात्र घरी पोचेपर्यंत कानात राहिलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी इंटर्नशिपचा पहिला दिवस. पुण्यात पत्रकारितेचं शेवटचं वर्ष, आणि तीन महिने कुठंतरी काम करणं सक्तीचं. सुदुंबऱ्याच्या घरून येऊन-जाऊन जमेल म्हणून मी लोणावळ्यातलं एक छोटं रेडिओ केंद्र निवडलं होतं. ते निघालं पिठाच्या गिरणीच्या माडीवर! जिना चढून गेले, तर खुर्चीत दुधाच्या पिशवीवाला बसलेला.

“अरे देवा,” तो म्हणाला.

“मलाही तसंच वाटतंय,” मी म्हटलं.

खाली ज्योत्स्नामावशींची गिरणी चालू असली की वर रेकॉर्डिंग करणं अशक्य. मग सुहास जिन्यात उभा राहून ओरडायचा, “मावशी, दहा मिनिटं फक्त!” आणि मावशी खालून ओरडायच्या, “बाजरीचे चार डबे राहिलेत रे, तोवर चहा घे!” त्या चार डब्यांच्या वेळात आमची भांडणं झाली, मैत्री झाली, आणि पुढचं जे काही झालं तेही तिथंच. पिठाचा गरम वास जिन्यातून वर यायचा. अजूनही कुठं गिरणीवरून गेले की माझी पावलं थांबतात.

सुहास लोणावळ्याचाच. वडील रेल्वेत, हा मात्र आवाजाच्या मागे लागलेला. त्याचा एक नियम होता. कुणाचीही मुलाखत झाली की त्याच जागी, सगळ्यांनी गप्प राहून, अर्ध्या मिनिटाची शांतता रेकॉर्ड करायची. बोलणं कापून जोडताना मधल्या फटीत तीच जागेची शांतता घालायची, म्हणजे जोड कळत नाही. सोपं काम… आणि नेमकं हेच मला जमेना! प्रश्न विचारण्यात मी पटाईत होते. पण तो बोट ओठांवर ठेवून रेकॉर्डरचा लाल दिवा लावायचा आणि पाचव्या सेकंदाला माझं गुणगुणणं सुरू व्हायचं. मला कळायचंही नाही, आणि तो शांततेची वाट बघत रेकॉर्डर तसाच चालू ठेवायचा. उर्स्याचे शेतकरी, कामशेतचा बाजार, लोणावळ्याचं यार्ड… सगळ्या शांततांची मी वाट लावली.

“अगं तोंड आहे की टेपरेकॉर्डर?”

“तू तिकडं बघ ना, मला बघत बसलास की जास्त होतं.”

“मी आवाजाचं मीटर बघतो.”

“मीटर हातात आहे. तू वर बघत होतास.”

त्याचे कान लाल व्हायचे. मला मजा वाटायची, मी अजून चिडवायची.

खरं तर मला बातमी आवडायची, पण लिहायला बसले की शब्दांच्या आधी चाल सुचायची. वर्गात सर म्हणायचे, “तेजल, तू बातमीला ठेका धरतेस.” हसण्यावारी न्यायची मी. रात्रंदिवस मनात तेच, की मी चुकीच्या गाडीत तर बसले नाही ना? घरी विचारायची सोय नव्हती. पप्पा एके काळी आजोबांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. कारखान्यात कायम झाले, पाळ्या सुरू झाल्या आणि ढोलकी माळ्यावर गेली. “गाणं सुट्टीला, नोकरी रोज,” एवढंच ते म्हणायचे, आणि मग टीव्हीचा आवाज वाढवायचे.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मी जिना चढून आले तर सुहासनं हेडफोन पुढे केला.

“ऐक.”

पाणी वाजत होतं, मग बैलाच्या घुंगरांचा आवाज, मग मालगाडीचे डबे… आणि सगळ्यांतून माझं गुणगुणणं. फेकून द्यायच्या त्या शांतता त्यानं जपून ठेवल्या होत्या! एकापुढे एक जोडल्या होत्या. सगळीकडे मी एकच गाणं गुणगुणत होते, आणि ते मला तेव्हा कळलं.

“अकरा ठिकाणी,” तो हळूच म्हणाला. “अकराही वेळा तू तीन कडव्यांवर थांबतेस आणि पहिल्यापासून सुरू करतेस. गाणं संपत नाही तेजल. शेवटचं कडवं कुठंय?”

खाली गिरणी चालू होती म्हणून बरं. माझा हुंदका कुणाला ऐकू गेला नाही.

ते गाणं माझ्या आजोबांचं, सोपान आजोबांचं. शाळा तिसरीपर्यंत, पण गाणी दीडशे रचलेली. त्यांचं पुस्तक नाही की कॅसेट नाही. पार्टीची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. लोक त्या नावाची वाट बघतात, नाव आलं की टाळ्या पडतात. जगात आजोबांचं नाव होतं ते तेवढ्याच जागी. मी बारा वर्षांची असताना आमच्या विहारातल्या जयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी मला एकटीला उभं केलं. तीन कडवी झोकात म्हटली. मग समोरची गर्दी दिसली, घसा सुकला, आणि मी चौथं कडवं गाळून धृपद म्हणून मोकळी झाले. खाली उतरले तर आजोबांनी डोक्यावरून हात फिरवला. “छान म्हटलंस बाळा. नाव तेवढं राहिलं. पुढच्या वर्षी घे हं.”

पुढच्या वर्षी आजोबा नव्हते. त्यानंतर मी कधी माईकसमोर गायले नाही.

सुहासनं सगळं ऐकून घेतलं. सांत्वन वगैरे काही केलं नाही. खिशातला रुमाल काढून दिला, त्याला पीठ लागलं होतं, आणि मी तो तसाच नाकाला लावला. शिंका सुरू झाल्या. रडता रडता आम्ही दोघं इतके हसलो की मावशींनी गिरणी बंद करून विचारलं, “काय झालं गं?”

प्रेम झालं होतं, मावशी. पण सांगणार कोण?

त्याच आठवड्यात दिल्लीचं पत्र आलं. कॉलेजमार्फत अर्ज केला होता त्या बातम्यांच्या संकेतस्थळावर मराठी विभागात कायमची नोकरी. पौर्णिमेनंतरच्या सोमवारी उत्तर हवं होतं. पप्पांनी अख्ख्या पाळीला पेढे वाटले. मी सुहासला पत्र दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं, नीट घडी घालून परत दिलं.

“छान आहे.”

“एवढंच?”

“अजून काय?”

“म्हणजे… जाऊ की नको?”

“तो तुझा प्रश्न आहे. मी काही बोलायचो आणि उद्या तू माझ्या नावानं खडे फोडायचीस.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “तुला काय, शांतता मिळेल.”

तो हेडफोनची वायर गुंडाळायला लागला, आणि मला भयंकर राग आला. अकरा ठिकाणचं माझं गाणं जपून ठेवतो, आणि एक वाक्य बोलता येत नाही? चार दिवस आम्ही फक्त कामापुरतं बोललो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी डोंगरातल्या वाडीवर शेवटची मुलाखत होती. धोंडाबाई आजींची. नाचणी, पाऊस, रानभाज्या असं सगळं सांगता सांगता आजींनी आम्हाला गूळ घातलेला कोरा चहा पाजला. अंगणात झेंडू फुलला होता, कुडावर कारली वाळत होती. मुलाखत संपली. सुहास म्हणाला, “आजी, आता अर्धं मिनिट कुणी बोलायचं नाही हां.”

“ऱ्हाते की गप. लय बोलले मगाधरनं.”

लाल दिवा लागला. सुहासनं ओठांवर बोट ठेवलं. मी कुडाकडे बघत उभी राहिले. पाच सेकंद झाले, दहा झाले. लांब कुठंतरी कोंबडी ओरडली. माझ्या तोंडातून आवाजच येईना, गाणंच आलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला हवी तशी शांतता देत होते, आणि वाटलं, आता हे असंच… दिल्लीला मी अशीच गप्प बसून राहणार.

“तेजल, मला ही शांतता नको.”

मी दचकून वळले. लाल दिवा चालूच होता.

“काय?”

“नकोय मला. तुझ्याशिवाय हे असं वाजतं हे मला आत्ता कळलं. जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण न सांगता तुला जाऊ दिलं असं नको. मला आवडतेस तू. भुशीला पाणी बिघडवलंस ना… तेव्हापासून.”

माझ्या डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर हसू की काय कोण जाणे. इतक्यात धोंडाबाई आजी कडाडल्या.

“आता कोन बोललं रं? मला गप ऱ्हा म्हनतोस न् सोताच बोलतुयास व्हय? आन् पोरी, तू काय बगत हुबी ऱ्हायलीस? कायतरी बोल की त्याला!”

“काय बोलू आजी?”

“मला काय इचारतीस? मला न्हाई आवडत तो!”

मी हसत सुटले. हसता हसता त्याच्या हातातला माईक घेतला आणि म्हटलं, “मलाही आवडतोस. मीटर बघतोस तेव्हा जरा जास्तच.” ते सगळं रेकॉर्ड झालं. कोंबडीसकट.

उतरताना पायवाट निसरडी होती, त्यानं हात पुढे केला. मी धरला, आणि सपाटी आली तरी सोडला नाही.

“मी दिल्लीला नाही म्हणणार आहे,” मी सांगितलं.

तो थबकला. “माझ्यामुळे?”

“चल! स्वतःला काय समजतोस? तुझी ती अकरा तुकड्यांची फाईल ऐकल्यापासून मनात घोळतंय. गावोगाव असे किती आजोबा असतील रे… ज्यांचं नाव फक्त शेवटच्या कडव्यात आहे. मला त्यांच्या घरी जायचंय, गाणी गोळा करायचीयत, गोष्टी सांगायच्यायत. ही बातमीच आहे, मला ती कानानं करायचीय. मी माझ्यासाठी राहतेय, समजलं?”

“आणि मी?”

“तू भाजीवर कोथिंबीर मिळते ना, तसा फुकट मिळालास.”

पप्पांना सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी आधी टीव्हीचा आवाज वाढवला. मग म्हणाले, “पेढे वाटलेत मी. आता लोकांना काय सांगू?”

“सांगा, सोपानरावांच्या नातीनं शेवटचं कडवं राहिलंय म्हणून थांबायचं ठरवलं.”

ते उठून आत गेले. रागावले असं मला वाटलं. पण माळ्यावरून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि मग धूळ झटकल्याचा.

दुसऱ्या दिवशी विहारात वर्षावासाचा समारोप होता. तीन महिन्यांचं ग्रंथवाचन संपून त्या दिवशी खीर असते, गाणी असतात. पप्पा ढोलकी घेऊन बसले, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी मान वळवून वळवून बघितलं. पहिल्या रांगेत सुहास, हेडफोन लावून. यावेळी दुधाची पिशवी नव्हती.

तीन कडवी झाली. चौथ्याच्या आधी तोच घसा, तीच कोरड. मी सुहासकडे बघितलं. तो मीटर बघत नव्हता.

“सोपान सांगे साऱ्या आयाबहिणींना,
पाटी-पेन्सिल द्या हो तुमच्या लेकींना…”

नाव आलं आणि टाळ्या पडल्या. पप्पांनी ठेका सोडला नाही, पण मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलत राहिले. नऊ वर्षं उशीर झाला आजोबा, पण नाव घेतलं हो मी.

खाली आले तर सुहासचा चेहरा पांढराफटक.

“काय झालं?”

“तेजल… बटण दाबायचं राहिलं. मी… तुझ्याकडेच बघत होतो.”

आज तीन वर्षं झाली त्याला. गिरणीच्या जागी कुठलंसं होमस्टेचं ऑफिस आलंय, केंद्र दुसरीकडे गेलंय, मावशी लेकीकडे राहतात. आमचं लग्न झालं. आमच्या कार्यक्रमाचे चाळीस भाग झाले, चाळीस कवींची चाळीस शेवटची कडवी जपून ठेवलीयत. फक्त सोपान आजोबांचं तेवढं कुठंच रेकॉर्ड नाही. म्हणून दर वर्षी या पौर्णिमेला सुहास रेकॉर्डर मांडतो, हेडफोन घालतो आणि म्हणतो, “यंदा नक्की हं. म्हण.”

मी म्हणते. शेवटपर्यंत, नाव घेऊन. आणि संपलं की बघते, तर लाल दिवा लागलेलाच नसतो.

“राहिलंच बघ,” तो म्हणतो. “पुढच्या वर्षी घेऊ.”